जुन्या घरातील ओल आणि गारवा

आपल्या स्मरणिकेतून कर, हिशेब व बाजारपेठ ह्या विषयांवर जाणत्यांचे लेख दरवर्षी येत असतात, आणि ते यावयासच हवेत. परंतु ज्या चार भिंतींच्या आत आपला माल राहतो आणि ज्यांच्या आडोशाला आपली मुलेबाळे व वडीलधारी मंडळी निजतात, त्या भिंतींविषयी क्वचितच कोणी लिहितो. पेडणे व डिचोली ह्या तालुक्यांत आपल्या सभासदांपैकी पुष्कळांची घरे जुनी आहेत. पुढे दुकान, मागे माजघर, वर माळा, अशी त्यांची ठेवण. पावसाळ्यात ह्या घरांच्या भिंतींना ओल येते, गिलाव्याचे पोपडे पडतात, कपाटातील कापडास कुबट वास लागतो. आणि पाऊस सरून मार्गशीर्ष-पौषाचा गारवा पडला की तीच ओलसर खोली पहाटेच्या वेळी नको नकोशी होते. ह्या दुखण्यावर आम्ही स्वतः बराच पैसा चुकीच्या जागी खर्च केला आहे. तो इतरांचा वाचावा, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

प्रथम थंडीचे पाहू, कारण ते थोडक्यात सांगता येण्यासारखे आहे. गोव्याची थंडी ती काय! पणजीस जानेवारीतील किमान तापमान सरासरीने २० अंशांच्या आसपास असते. डिचोली-साखळीच्या आतल्या खोऱ्यांत पहाटे त्याहून थोडे उतरते व दव पडते, इतकेच. मग वृद्ध माणसे माजघरात कुडकुडतात ती का? त्याचे कारण हवेपेक्षा भिंतीत अधिक असते. ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा उष्णता लवकर वाहून नेते, आणि तिच्यातील पाण्याची वाफ होत असताना ती स्वतःही गार पडते. अशा भिंतीशेजारी बसलेल्या माणसाच्या अंगातील ऊब ती एकसारखी शोषीत असते. उलट दीड-दोन फूट जाडीची चिऱ्याची कोरडी भिंत दिवसाचे ऊन साठवून रात्री सावकाश परत देते. तात्पर्य, थंड देशांत घराला ऊबदार अस्तर लावण्याची जी खटपट करतात, तिची आपल्याकडे फारशी गरज नाही. भिंत कोरडी झाली की ती आपोआप ऊबदार होते. म्हणून ह्या लेखाचा मुख्य विषय ओल हाच आहे.

आमचे घर डिचोलीच्या बाजारातील. वडिलांनी ते घेतले तेव्हाच जुने होते. मागील बाजूच्या एका खोलीत मातोश्रींचा पलंग व त्यापलीकडे धान्याची थप्पी असे. त्या खोलीची उत्तरेकडील भिंत ज्येष्ठ-आषाढात अशी ओली होई की हात लावला तर तळवा भिजावा. मातोश्रींना दम्याचा त्रास. पावसाळ्यात तो वाढे. एका कंत्राटदाराच्या सल्ल्याने आम्ही जुना चुन्याचा गिलावा खरवडून तेथे सिमेंटचा गिलावा करविला. पहिला पावसाळा निर्वेध गेला. दुसऱ्या पावसाळ्यात ओल पूर्वी गुडघ्यापर्यंत होती ती कमरेच्या वर चढली. तिसऱ्या वर्षी त्यावर पाणी रोखणारा म्हणून विकला जाणारा महागडा रंग लावला. तो चार महिन्यांत फुगे येऊन सुटला आणि त्याबरोबर सिमेंटचे ताटाएवढे तुकडे खाली आले. पोत्यांतील तूरडाळीला बुरशी लागली ती निराळीच. पण खरा जाच मातोश्रींचा. त्या वर्षी त्यांना चातुर्मासभर पुढच्या खोलीत, दुकानाच्या गलबल्यात निजावे लागले.

शेवटी एका वृद्ध गवंड्यास बोलावून आणले. तो भिंतीकडे पाच मिनिटे पाहत राहिला आणि म्हणाला, "शेट, तुम्ही भिंतीला रेनकोट चढविलात, पण तिचे पाय पाण्यातच ठेवलेत." ह्या एका वाक्यात जे होते ते समजून घेण्यास आम्हांस पुढे दोन वर्षे लागली.

आपली जुनी घरे ज्या चिऱ्याची, तो जांभा दगड होय. १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत फ्रान्सिस बुकॅनन ह्या इंग्रज सेवेतील वैद्याने मलबारात पाहिलेल्या ह्या दगडाचे वर्णन केले व विटेच्या लॅटिन शब्दावरून त्यास नाव दिले, कारण तो खाणीत मऊ असतो, कुऱ्हाडीने विटेसारखा कापता येतो आणि हवेवर पडल्यावर कठीण होतो. त्याच्या अंगी असंख्य छिद्रे असतात. दिव्याच्या वातीतून तेल जसे वर चढते तसे ह्या छिद्रांतून जमिनीतील पाणी भिंतीत चढते. हा त्याचा दोष म्हणावा तर जुन्या लोकांना तो ठाऊक होता, आणि त्यांनी त्यावर योजलेला उपाय पाणी कोंडण्याचा नव्हता. चढलेले पाणी सुखाने बाहेर पडावे असा होता. म्हणूनच मातीचा किंवा चुन्याचा सांधा आणि वर चुन्याचा गिलावा. आपल्याकडे हा चुना पुष्कळदा शिंपले भाजून केलेला असे. चुन्याच्या गिलाव्यातून बाष्प आरपार जाते; पावसाळ्यात भिंत थोडी पाणी पिते आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या वाऱ्यात ते सोडून देते. नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय, ज्याचा जीर्णोद्धार १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी करविला, ते ह्याच चिरा-चुन्याचे. आणि कुडणे गावी जैन मंदिराचे जे अवशेष आहेत ते ज्यांनी पाहिले असतील त्यांस आठवेल की छप्पर केव्हाच गेले, तरी चिऱ्याच्या भिंती उघड्यावर पावसाळ्यामागून पावसाळे खात उभ्या आहेत. भिजल्याने चिरा मरत नाही. भिजल्यावर वाळू दिले नाही म्हणजे मरतो.

सिमेंटने नेमके हेच होते. जोसेफ ॲस्प्डिनने इंग्लंडात १८२४ साली ज्याचा परवाना घेतला व आपल्या देशात १९१४ पासून पोरबंदरास जे व्यापारी प्रमाणावर तयार होऊ लागले, ते पोर्टलंड सिमेंट मोठे उपयुक्त द्रव्य आहे ह्यात शंका नाही. (आमच्याच संघातील काही बंधू त्याचे व्यापारी आहेत, त्यांनी रागावू नये, नव्या बांधकामास ते हवेच आहे.) परंतु सच्छिद्र, थोडी हलणारी, मातीच्या सांध्याची जुनी भिंत आणि तिच्यावर कठीण, घट्ट सिमेंटचा थर, ही जोडी जमत नाही. पायातून चढलेल्या पाण्यास बाहेर पडावयास वाट उरत नाही, म्हणून ते वाट सापडेल तेथपर्यंत आणखी वर चढते. आमच्या भिंतीवरील ओल गुडघ्यापासून कमरेवर गेली ती अशी. परदेशांतील जाणत्यांचाही अनुभव निराळा नाही. विल्यम मॉरिस प्रभृतींनी १८७७ साली लंडनात स्थापन केलेली जुन्या इमारतींच्या रक्षणाची संस्था आजही जुन्या दगडी घरांना सिमेंट न लावता चुना लावावा असाच सल्ला देते. आणि तेथे तर खरी थंडी असते.

आता प्रश्न असा की ओल येते कोठून? तो न सोडविता केलेला कोणताही खर्च वाया जातो असे आमचे अनुभवाचे मत आहे. ओल वरून येते, बाजूने येते, खालून येते, हवेतून येते. आणि आणखी एक पाचवी वाट आहे, तिच्याविषयी पुढे सांगू.

वरून येणारी ओल ओळखणे सोपे. डाग भिंतीच्या माथ्याशी असतो व पाऊस पडला की काही तासांत वाढतो. बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कारखाना काढल्यापासून पश्चिम किनाऱ्यावर जी मंगळुरी कौले पसरली, ती चांगली टिकतात. पण माकडे, वादळ आणि माडाचे पडणारे नारळ त्यांना सोडीत नाहीत. दरवर्षी मे महिन्यात घर शाकारून घेण्याची जुनी चाल आपण सोडली, तेथून पुष्कळ दुखण्यांस आरंभ झाला. बाजूने येणारी ओल म्हणजे नैर्ऋत्येची झड. तिच्यासाठी पूर्वी पावसाळ्याआधी भिंतीवर माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे बांधीत. गोव्यात त्यांस मल्लां म्हणतात. आज त्यांच्या जागी निळे प्लास्टिक येते. तेही चालेल, मात्र ते भिंतीस चिकटवून न ठेवता वीतभर अंतरावर बांबूवर ताणावे, नाहीतर मागे भिंत घामाने भिजते.

खालून चढणारी ओल बहुधा तीन-चार फुटांवर थांबते व तिच्या वरच्या कडेला पांढऱ्या खाराची रेघ उमटते. येथे एका गोष्टीकडे बाजारपेठेतील बंधूंचे लक्ष वेधावेसे वाटते. आपल्या घरांची जोती ज्यांनी बांधली ते काही मूर्ख नव्हते. रस्त्यापासून दोन-दोन पायऱ्या वर त्यांनी घर घेतले होते. परंतु दर काही वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढत गेला आणि जोते तेथेच राहिले. आज कित्येक दुकानांत ग्राहक पायरी चढत नाही, उतरतो! पणजीत वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ १२० इंच पाऊस पडतो व आतल्या तालुक्यांत काही ठिकाणी त्याहूनही अधिक. हे सारे पाणी भिंतीच्या पायाशी उभे राहिले तर कोणता गिलावा त्यास पुरा पडणार? अंगणात सिमेंटचे ठोकळे बसविले की पाणी जमिनीत न मुरता भिंतीकडेच धावते. घरातील शेणाने सारवलेली जमीन जाऊन चकचकीत फरशी आली की खालची वाफ पुष्कळदा कडेने भिंतीतच शिरते. ह्यावर उपाय साधा आहे: पागोळ्यांचे पाणी पन्हळीने दूर न्यावे, भिंतीपासून जमीन बाहेर उतरती करावी, भिंतीलगत फूट-दीड फूट रुंदीची पट्टी सिमेंटविना ठेवून तीत खडी भरावी, आणि गटार मे महिन्यातच उपसावे. आमच्या अंदाजाने निम्म्या घरांची निम्मी ओल एवढ्यानेच जावी.

हवेतून येणारी ओल मात्र फसवी असते. ३० अंश तापमानाच्या एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते, २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅम. आर्द्र, गरम हवा गार फरशीला वा भिंतीला टेकली की न मावणारे पाणी तेथेच सुटते. पावसाच्या आरंभी लादीस घाम फुटतो तो ह्यामुळे. अशा दिवशी खिडक्या सताड उघडून घर वाळेल ही समजूत चुकीची आहे. बाहेरची हवा आतल्यापेक्षा ओली असते. उघाड पडून ऊन आले म्हणजे दोन तास सर्व खिडक्या उघडाव्यात, आणि दसऱ्यापासून पुढे तर दिवसभर. शिवाय स्वयंपाक, स्नान, आत वाळत घातलेले कपडे व माणसांचा श्वास ह्यांतून चार-पाच जणांच्या घरात दिवसाला आठ-दहा लिटर पाणी हवेत मिसळते. जुन्या वाड्यांतील राजांगण, उंच छपरातील फटी व झरोके ही वाफ बाहेर नेत असत. पेडण्याच्या देशप्रभूंच्या वाड्यात ज्यांनी पाऊल टाकले असेल त्यांस चौकांची ती योजना सांगावयास नको. आज आपण राजांगणावर पत्रा घालतो, झरोके बुजवितो, आणि मग ओलीबद्दल तक्रार करतो.

ओल हवेतली की भिंतीतली, हे ओळखण्याची एक युक्ती आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा व दोन दिवसांनी पाहावे. थेंब खोलीकडील बाजूस असतील तर पाणी हवेतले. मागे, भिंतीकडील बाजूस असतील तर भिंतीतले. आमच्या भिंतीवर ही युक्ती केली तेव्हा मोठा घोटाळा झाला. थेंब मागे होते, पण छप्पर शाबूत, मागचे गटार नवे, आणि ओलीचे डाग पायाशी नसून भिंतीच्या मध्यभागी, उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत, थप्पीच्या आकाराचे! पाऊस नसलेल्या ढगाळ दिवशीही भिंत भिजे आणि ऊन पडताच कोरडी होई.

उलगडा केला तो शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी. त्या खोलीत आमच्याही आधी, होड्यांनी माल येत असे त्या काळी, मिठाची कोठी होती. मीठ पेडण्याकडील आगरवाड्याचे. पुरुमेंताच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करण्याच्या काळी, ह्या भिंतीस लागून छातीएवढी रास असे. ही ती पाचवी वाट. मीठ चिऱ्याच्या छिद्रांत शिरून बसले होते, आणि मिठाचा गुण असा की हवेची आर्द्रता शेकडा ७५ च्या वर गेली की ते हवेतील पाणी ओढून स्वतः पाझरू लागते. गोव्याच्या पावसाळ्यात आर्द्रता त्याच्या वरच असते. म्हणजे आमच्या भिंतीला ना छपरातून पाणी येत होते ना पायातून. ती हवेतून पाणी पीत होती. त्यावर जगातील कोणताही रंग लावला असता तरी मागून फुगून तो सुटणारच होता. वाळताना मिठाचे खडे छिद्रांत वाढतात आणि दगडाचा पृष्ठभाग फोडतात, हे त्याहून वाईट.

ज्यांच्या घरात पूर्वी मीठ, खारी मासळी किंवा खत साठविलेले असेल, किंवा भिंतीमागे गोठा असेल, त्यांनी हे प्रथम तपासावे. उपाय धीराचा आहे. दिवाळीनंतर कोरड्या हवेत सिमेंट हलक्या हाताने काढून टाकावे. उघड्या चिऱ्यावरील खार कोरड्या ब्रशाने झाडून गोळा करावा. पाण्याने कदापि धुऊ नये, धुतल्याने तो पुन्हा आत जातो. मग एक भाग चुना व तीन भाग धुतलेली नदीची वाळू ह्यांचा ओबडधोबड गिलावा करावा, न घोटता, न रंगविता. वाळू समुद्रकाठची नसावी हे सांगणे नलगे. हा गिलावा टिकविण्यासाठी नाही, बळी देण्यासाठी आहे. भिंतीतील खार वाळताना त्यात येऊन बसतो. वर्षा-दोन वर्षांनी तो उतरवून दूर नेऊन टाकावा व पुन्हा नवा करावा. गवंडी हसतील, "उतरविण्यासाठी कोण गिलावा करतो?" असे विचारतील, त्यांस हसू द्यावे.

पुरात सापडलेल्या घरांचे थोडे निराळे. २०१९ च्या ऑगस्टात इब्रामपूर, चांदेल, हसापूर ह्या पेडणे तालुक्यातील गावांत पाणी शिरले. साखळीच्या बाजारालाही वाळवंटीचे पाणी नवे नाही. पूर ओसरल्यावर लोक दिवाळीपूर्वी रंग उरकून घेतात. जाड भिंत वाळण्यास इंचाला सुमारे एक महिना लागतो असा ठोकताळा आहे. दीड फुटी भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी एक उन्हाळा तिला द्यावाच. तोवर फार तर चुन्याची सफेदी.

मालाविषयी दोन शब्द. थप्पी भिंतीपासून हातभर दूर आणि लाकडी फळ्यांवर असावी, म्हणजे मागून वारा खेळतो व माणसाला जाऊन भिंत पाहताही येते. कापडाच्या छोट्या बंद खोलीत हवेतील पाणी काढणारे विजेचे यंत्र आषाढ-श्रावणात उपयोगी पडते; परंतु खिडकी उघडी ठेवून ते चालविणे म्हणजे सबंध डिचोली तालुका वाळविण्याचा यत्न करणे होय. भिंतीवर शेवाळ व बुरशी धरू लागली की आपल्या घरातील वृद्ध मंडळी तिला हात लावण्यासही कचरतात, आणि औषध फवारणे त्यांच्या जिवावर येते. मुळात भिंत कोरडी राहिली तर तो प्रसंगच येत नाही.

आणि छप्पर. मंगळुरी कौलांखाली तक्तपोशी किंवा माळा असेल तर तो काढू नये. मधली हवा हेच रात्रीचे पांघरूण. ज्यांनी कौले काढून पत्रे घातले आहेत त्यांनी हिवाळ्यातील निरभ्र पहाटे वर पाहावे. उघड्या आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही गार होतो व त्याच्या खालच्या अंगाने थेंब टपकतात; पुष्कळांना ती गळती वाटते. पत्र्याखाली चार बोटे मोकळी जागा व दोन्ही टोकांस वारा जाण्यास वाट ठेवून लाकडाची किंवा तत्सम फळ्यांची तक्तपोशी करावी. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून निजू नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो.

आमच्या भिंतीचा पहिला बळीचा गिलावा दीड वर्षाने उतरविला तेव्हा तो जिभेला खारट लागला. दुसरा गेल्या वर्षी केला. ह्या पावसाळ्यात डाग थप्पीएवढा न पडता ताटाएवढा पडला, आणि मातोश्रींचा पलंग भाद्रपदात परत त्या खोलीत गेला, मात्र दुसऱ्या भिंतीकडे. हा गिलावा येत्या दिवाळीनंतर उतरवावयाचा आहे. तोवर त्या भिंतीस आम्ही रंग लावलेला नाही. पाहुणे विचारतात, त्यांस ही सर्व हकीकत सांगावी लागते.